भोंग्याचे थांबे

दसरा जवळ आला, दुपारचं ऊन टाळूत टोचायला लागलं आणि पहाटे अंगावर पातळ चादर ओढावीशी वाटली, की माझ्या नाकात वाळल्या गवताचा वास येतो. खरं तर मी राहते त्या सांगवीत गवत नाही. नदीवर जलपर्णी आहे, आणि तिच्या वासाबद्दल सभ्य माणसाने लिहू नये. तरी हा वास येतो. मग दोन-तीन दिवसांत काळेवाडीहून ताईचा फोन. हवापाणी, तब्येत, काही नाही. "गुरुवारी मोकळी आहेस का?" एवढंच.

गुरुवार हा पिंपरी-चिंचवडचा रविवार. विजेच्या टंचाईत कधीतरी कारखान्यांना सुट्टीचे वार वाटून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. पुण्यातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. इथल्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. फक्त सुट्टी दत्ताच्या वारी पडल्यामुळे मटण बुधवारी रात्रीच उरकावं लागतं. ताईचं लग्न या गुरुवारशी झालं आणि मी ग्रंथालयातली नोकरी धरली, जिथे सुट्टी रविवारची. अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणाऱ्या आम्ही दोघी सख्ख्या बहिणी वर्षानुवर्षं लग्नकार्यात भेटलो, त्याचं कारण भांडण नव्हतं, वार होता.

भाऊजी धाराशिवकडचे. आधी भोसरीला आणि मग त्याच कंपनीच्या चाकणच्या प्लांटमध्ये, हॅमर शॉपला. लालबुंद लोखंडावर जिथे दिवसभर घण पडतो तिथे आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जातात आणि आवाज राहतो. ते कुजबुजले तरी शेजारच्या स्वयंपाकघरात कळायचं. मला ते 'मेहुणीबाई' म्हणत, आणि माझ्या पुस्तकांवर त्यांचा खास डोळा होता. "मेहुणीबाई, एवढं वाचून तुमाला झोप कशी लागती? आमाला नुसता पेपर चाळला तरी डोळा लागतो."

ते निवृत्त झाले तेव्हा कंपनीने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. वेळ बघायची गरज संपलेल्या माणसाला घड्याळ का देतात, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. साहेबांनी भाषणात त्यांना कंपनीच्या कुटुंबाचा आधारस्तंभ म्हटलं. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा आत राहिला म्हणून आधारस्तंभ परत गेले, तर गेटवर त्यांचं कार्ड चालेना. डबा मिळाला नाही. गेटबाहेरचं कुत्रं मात्र स्कूटरच्या मागे धावत सुटलं, आणि शेवटी पायठेवणीवर बसून घरी आलं.

तोच भोंग्या. वॉचमनच्या केबिनखाली जन्मलेला, तांबूस, एक कान उभा आणि एक पडका. शिफ्टचा भोंगा झाला की हा मान वर करून त्याच्या सुरात सूर मिसळायचा, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलं. काळेवाडीत त्याला भोंगा मिळाला नाही, पण ताईच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमधून प्रेस मशीनं चालतात, मोठ्या कंपन्यांचे छोटे सुटे भाग ठोकत. सकाळी आठला ठक्ठक् सुरू होते आणि रात्रीपर्यंत चालते. गुरुवारी ती बंद. भोंग्याला वार कळायचा तो असा. सकाळी गल्ली गप्प असली, की तो दारात जाऊन स्कूटरकडे तोंड करून उभा राहायचा.

कारण गुरुवारी डोंगर असायचा.

डोंगराचं नाव लिहीत नाही, कारण तिथे अजून मोबाइल काठीला लावून नाचणारे फारसे येत नाहीत. चाकणच्या पलीकडे आहे इतकं पुरे. पायथ्याला एक स्वागत कमान आहे. तिच्यावर आजी-माजी-भावी मंडळींची नावं आणि हसरे चेहरे आहेत, आणि डोंगराचं नाव शोधलं तर खालच्या कोपऱ्यात सापडतं. माथ्यावर एक देऊळ आणि कड्याला लागून एक सपाटी. तिथून एका अंगाला कंपन्यांची निळी-पांढरी छपरं दिसतात, माळावर कुणी पत्ते पिसून टाकावेत तशी, आणि दुसऱ्या अंगाला धरणाचं पाणी. भाऊजी जायचे ते पाण्यासाठी. टँकरची वाट बघत वाढलेला माणूस तो. एवढं पाणी कुणाच्याही पहाऱ्याशिवाय नुसतं पडून राहिलेलं आहे, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत होतं.

"आता रिटायर झालात, कोणत्याही वारी जा की," ताई म्हणायची. "गुरुवारीच कशाला?"

"म्या रिटायर झालो. गुरुवार झालाय का?"

मग स्कूटरच्या पायठेवणीवर भोंग्या, मागे बांधलेली भाकरी, आणि दोघं निघायचे. दुपार कलताना परत. पायमोज्यांना आणि भोंग्याच्या अंगाला कुसळं लागलेली असायची. ताई ओट्याशी, भाऊजी दारातल्या खुर्चीत, आणि धरणाचा अहवाल सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा: "आज पाणी पार त्या पळसापोतर आलतं. बगळे कसे, जणू कुणी धोतरं वाळत घातल्यात." एका गुरुवारी मी रजेवर होते आणि हे सगळं समक्ष ऐकलं. मीठ लावून सांगतात हे मला कळत होतं. वर्णनाला मीठ लागतंच. मी ज्या कपाटांमध्ये नोकरी केली त्यांतलं निम्मं मीठच आहे.

त्या वर्षी पाऊस रेंगाळला आणि नंतर ऊन एकदम आलं. गवत पंधरवड्यात हिरव्याचं सोनेरी झालं. दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी भाऊजी नेहमीसारखे गेले, आणि भोंग्या एकटा खाली आला.

पायथ्याला कमानीच्या सावलीत शेवंताबाई बसते. काकडी, उकडलेल्या शेंगा आणि चहा. भाऊजींचा चहा ठरलेला. ती सांगते, "कुत्रं आलं आन् गप बसलं माझ्यापाशी. भुकलं न्हाई का काय न्हाई. मी म्हनलं मालक मागनं येत्याल, म्हनून चा टाकला. चा उकळला, आटला. पुन्यांदा पानी घातलं." तेवढ्यात वरून ओरडण्याचे आवाज आले. सुट्टीला डोंगरावर फोटो काढायला आलेली चार-पाच मुलं, कंपन्यांत कंत्राटावर राबणारी, ओडिशा की झारखंडची, त्यांनी भाऊजींना हातांवर उचलून खाली आणलं. दवाखान्यात पोचण्याआधीच सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय अचानक थांबलं, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. असं सांगायची पद्धत आहे, आणि ती वाईट नाही.

ती मुलं रडत होती असं शेवंताबाई सांगते. त्यांना कुणी धड विचारलं नाही की भाऊजी सापडले कुठे. नंतर ताईला हे विचारायचं सुचलं तोवर त्यांचं कंत्राट संपलेलं. कुणी म्हणे गुजरातला गेली, कुणी म्हणे गावाला.

ताई फारशी रडली नाही. तिला एकच गोष्ट सोडत नव्हती. "वर पोचले होते का गं ते? पाणी बघून गेले असतील ना?" हे ती मला विचारायची, शेजारणीला विचारायची, बंगळुरूहून मुलाचा फोन आला की त्याला विचारायची. मी म्हणाले, हो, पोचलेच असतील. आपण अशा प्रश्नांना उत्तर देतो ते उत्तर म्हणून देत नाही, पाठीवर हात ठेवतात तसं देतो. तिला ते कळत होतं. हात नको होता तिला.

त्या हिवाळ्यात मोठ्या कंपन्यांना मागणी नव्हती. अधूनमधून काम बंद ठेवायच्या, आणि मग ताईच्या गल्लीतल्या शेडही बंद. सोमवारी शांत, बुधवारी शांत, सलग चार-चार दिवस शांत. गल्लीतली माणसं पारावर बसून घरच्या खर्चाचं बोलत. भोंग्याच्या हिशेबाने मात्र हे सगळे गुरुवारच होते. तो रोज सकाळी दारात जाऊन उभा राहायचा. स्कूटर मुलाने विकून टाकलेली, तरी ती जिथे लागायची त्या जागेकडे बघत.

"शेपटी हलवतो गं," ताई फोनवर म्हणाली. "जिन्यात पाऊल वाजल्यासारखी शेपटी हलवतो. मग मीपण जिन्याकडे बघते."



वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मुलाने सुचवलं की वडिलांच्या नावाचं सिमेंटचं बाक डोंगरावर बसवू. देवस्थानची मंडळी तयार होती. बाकं त्यांना हवीच असतात. ती सगळी वर सपाटीलाच हवीत, कारण खाली ठेवली तर नावं वाचणार कोण, असं त्यांच्यातल्या एकाने मोकळेपणाने सांगितलं. ताई म्हणाली, आधी जागा बघू. आणि एक घास ठेवायचा आहे मला, जिथे त्यांचा जीव गेला तिथे. मी विचारलं, जागा दाखवणार कोण. तिने भोंग्याकडे बघितलं.

मी हसले नाही, पण माझा विश्वासही नव्हता. कुत्री थडग्याशी वर्षानुवर्षं बसून राहतात वगैरे गोष्टी मला फार गोड वाटतात, म्हणून संशयास्पद वाटतात. तरी गुरुवारची रजा काढली, गाडी काढली. चाकणचा रस्ता सुट्टीमुळे चालता होता. भोंग्या मागच्या सीटवर खिडकीत नाक घालून बसला, आणि मोशी ओलांडली तसा थरथरायला लागला.

शेवंताबाईने त्याला ओळखलं. "आला का रं." मग ताईला म्हणाली, "बाई, सावकास जावा. मालक लई सावकास जायाचे. पैल्यांदा दोन घटकंत येऊन जायाचे, मागनं मागनं दुपार व्हायाची."

ताई थबकली.

चढ सोपा आहे. कमरेएवढं गवत, वाऱ्याने एका बाजूला वळलेलं. घाणेरी, करवंदाच्या जाळ्या, मधूनच सोनकीची शेवटची पिवळी फुलं. खाली सगळा औद्योगिक पट्टा गप्प होता. इतर दिवशी इथवर एक सलग घरघर पोचते, पंखा चालू असावा तशी. गुरुवारी ती नसते, आणि तिची गैरहजेरी कानात वाजते. भोंग्या पुढे उधळला होता. पाच वर्षांचं, धडधाकट कुत्रं. सरडे हुसकत, परत येत, पुन्हा पळत.

पहिल्या वळणाला विजेचा एक जुना खांब आहे. तिथे भोंग्या थांबला आणि बसला. जीभ बाहेर नाही, धाप नाही. शहाण्यासारखा पाय जुळवून, तोंड उताराकडे करून. आम्ही त्याच्यापाशी पोचलो तरी उठला नाही. आमच्याकडे बघतही नव्हता. मग जरा वेळाने, कुणी "चल" म्हटल्यासारखा उठला आणि पुन्हा उधळला.

करवंदाच्या जाळीपाशी पुन्हा तेच. मग एका सपाट कातळावर.

"हा असा का बसतोय?" ताईने विचारलं.

"सवय असेल. म्हातारा होत चाललाय."

"हा? मघाशी सरड्यामागे पळाला तो?"

पुढच्या थांब्याला चढही नव्हता, बऱ्यापैकी सरळ वाट होती, तरी तो बसला. त्यानंतरचे थांबे जवळजवळ येऊ लागले. इतके, की दोन थांब्यांमध्ये एखादं वाक्यही पुरं होऊ नये. प्रत्येक ठिकाणी तेच पाय जुळवणं, तेच उताराकडे तोंड, तीच वाट पाहणं. ताईने चालता चालता माझं मनगट धरलं होतं आणि तिची पकड घट्ट होत गेली. काय ते मला समजायला लागलं होतं. तिला माझ्या आधी समजलं होतं.

एका दिवसात कुत्रा असं शिकत नाही. त्याला कितीतरी गुरुवार लागले असणार. मालक इथे थांबतो, छातीवर हात ठेवून उभा राहतो, मग इथेही थांबतो, मग इथेही. आपण पळत पुढे जावं आणि बसून राहावं. एवढं त्याला पाठ झालं होतं.

शेवटी एका आंब्याच्या खोडापाशी, डोंगर अर्ध्याहून थोडा जास्त चढून झाल्यावर, तो बसला नाही, आडवा पडला. पुढच्या पायांवर हनुवटी. बराच वेळ गेला. मग उठला आणि खालच्या वाटेला लागला. मी त्याला हाक मारली, पट्टा धरून वर ओढलं. पाय रोवून उभा राहिला. त्याच्या लेखी डोंगर इथे संपत होता. वर कडा होता, सपाटी होती, धरण होतं, आणि त्याला त्याची कल्पनाही असल्यासारखी दिसत नव्हती.

ताई आंब्याच्या मुळावर बसली. भोंग्याला जवळ ओढून त्याच्या पडक्या कानातली कुसळं एकेक करून काढायला लागली.

"वर जातच नव्हते ते," ती म्हणाली.

"ताई..."

"पळसापर्यंत पाणी आलंय म्हणे. बगळे म्हणे. इथं बसून भाकरी खायचे आणि घरी येऊन मला धरण सांगायचे." ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा रागाने लाल झाला. "किती दिवस गं? किती दिवस छाती धरून चढत होता हा माणूस? सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज, आणि हे एवढं एक हळू ठेवता आलं त्यांना."

डॉक्टरांचं वाक्य तिथे संपलं. त्यांना कळत होतं. गुरुवारमागून गुरुवार कळत होतं.

तिने डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. एक घास खोडापाशी ठेवला. हीच ती जागा का, हे मला माहीत नाही, तिलाही नाही. त्या दिवशी ते आणखी खाली पडले असतील. तिने आजूबाजूला, खाली दिसणाऱ्या वळणांकडे बघितलं आणि भाकरीचे आणखी तुकडे केले. उतरताना ती प्रत्येक थांब्यावर एकेक ठेवत गेली.

पण त्याआधी तिने मला वर पाठवलं. "जा, बघून ये. मी बसते याच्यापाशी." मी गेले. सपाटीवर दात्यांच्या नावांची बाकं ओळीने मांडलेली, एखाद्या सभेला वक्ता आलाच नाही तशी. त्या दिवशी धुरकट होतं. छपरं पुसटशी कळत होती. पाण्याच्या जागी नुसता राखी पडदा. मी खाली आले.

"दिसलं?"

"दिसलं. भरलंय चांगलं."

ताईने माझ्याकडे नीट पाहिलं. "पुरे गं शोभा. आता तू नको सुरू करूस."

बाकाचं तिने मुलाला नाही म्हणून कळवून टाकलं. कारण सांगितलं नाही. त्याला अजूनही वाटतं की आईला सिमेंट आवडत नाही.

आमच्या भाषेत भुतांची टंचाई नाही. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, चकवा माळावर. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, एकंदरीत शिफ्टच. माझा त्यांच्यातल्या कुणावरही विश्वास नाही, आणि वयाबरोबर तो वाढेल अशी लक्षणं नाहीत. पण एका माणसाची धाप तो माणूस गेल्यावर एका कुत्र्याच्या पायांत राहते, हे मी पाहिलं आहे. याला काय म्हणतात ते कुठल्या पुस्तकात आहे का, म्हणून मी कामावर असताना शोधलंसुद्धा. नाही सापडलं. कधी कधी ग्रंथालयाचा जिना चढताना मी विनाकारण मधल्या पायरीवर थांबते. मला काही झालेलं नाही. नुसती थांबते, आणि मागून येणाऱ्याला वाटतं बाईंना दम लागला.

परवाच्या गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. दरवर्षी जातो, पावसाळा सरला, गवत पिकलं की. भोंग्या आता खरोखर वयाला आला आहे, तोंडाभोवती पांढरा झालाय. सरड्यांशी त्याचं काही भांडण उरलेलं नाही. थांबे मात्र तेच. विजेचा खांब काढून टाकलाय, तरी खांबाच्या जागेवर तो बसतो.

मी पुढे होते. संध्याकाळी घरी पाहुणे यायचे होते, आणि मनात घड्याळ चालू होतं. करवंदाच्या जाळीपाशी भोंग्या बसला तेव्हा मी त्याला ओलांडून चालत राहिले. पाठीमागून ताईचा आवाज आला. रडवा नाही, गूढ नाही. जेवायला बसलेल्या माणसांना वाढताना असतो तसा, जरासा त्रासलेला.

"पुढे काय पळतेस? येऊ दे की त्यांना."

मी वळून पाहिलं. ताई उभी होती, पदराने मान पुसत, उताराकडे बघत. भोंग्याही तिकडेच बघत होता. खालच्या वाटेवर कुणी नव्हतं. गवत हलत होतं, ते वाऱ्याने.

मी चार पावलं परत आले. वाट तिथे अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. मी वाट सोडून गवतात उतरले, आणि पायांना कुसळं टोचत असताना तिथेच उभी राहिले, भोंग्या उठेपर्यंत.